सभेतील चार विघ्ने आणि वक्त्याचे व्रत



आषाढ शुद्ध एकादशी आता जवळ आली आहे. त्या दिवसापासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत आपल्या मंदिराच्या सभामंडपात प्रतिवर्षाप्रमाणे पुराण, प्रवचन आणि कीर्तन यांचा क्रम चालेल. दरवर्षी चातुर्मासाच्या आरंभी या पत्रिकेतून आम्ही श्रोत्यांस उद्देशून चार शब्द लिहीत असतो. वेळेवर यावे, पादत्राणे रांगेत ठेवावीत, मुलांस आवरावे, प्रसाद झाल्यावाचून उठू नये, असे ते शब्द असतात. यंदा लेखणीचे टोक उलट दिशेस वळवावे असे आमच्या मनाने घेतले आहे. यंदाचा उपदेश श्रोत्यांस नसून वक्त्यास आहे, आणि वक्त्यांमध्ये प्रथम आम्हांस स्वतःस आहे. गेल्या वर्षी याच मंडपात एक प्रसंग घडला. त्यात चूक आमची होती. तो प्रसंग योग्य स्थळी सांगूच. प्रथम सिद्धान्त पाहू.

सभा ही एक उपासना आहे. एकटा मनुष्य देवापुढे बसतो तेव्हा त्यास स्वतःचे एकच मन आवरावयाचे असते. सभेत वक्त्यापुढे शंभर मने बसलेली असतात, आणि ती शंभरही काही काळ एका विषयावर स्थिर व्हावीत अशी त्याची इच्छा असते. म्हणून ध्यानमार्गात जी विघ्ने शास्त्रकारांनी सांगितली, तीच सभेतही जशीच्या तशी आढळतात. श्रीमच्छंकराचार्यांचे परमगुरु गौडपादाचार्य यांनी मांडूक्य उपनिषदावरील आपल्या कारिकांच्या तिसऱ्या प्रकरणात या विघ्नांचा व त्यांवरील उपायांचा विचार केला आहे, आणि पुढे सदानंदांच्या वेदान्तसारात लय, विक्षेप, कषाय व रसास्वाद अशी त्यांची चार नावे एकत्र आली आहेत. लय म्हणजे मनाने झोपी जाणे. विक्षेप म्हणजे मनाने इकडेतिकडे धावणे. कषाय म्हणजे आत मुरलेल्या जुन्या वासनेमुळे मनाने ताठून बसणे. रसास्वाद म्हणजे मिळालेल्या थोड्याशा गोडीतच मनाने अडकून राहणे. आचार्यांची थोरवी अशी की, चारही विघ्नांस त्यांनी एकच औषध सांगितले नाही. लय झाला असता चित्तास जागे करावे. विक्षेप झाला असता शांत करावे. कषाय असेल तर तो ओळखावा. आणि रस आला असता त्यात गुंतू नये, असा त्यांचा उपदेश आहे. सभा सांभाळणाऱ्याने हा उपदेश नीट ध्यानात घेतला तर त्याचे निम्मे क्लेश दूर होतील. आम्ही बहुधा काय करतो? झोपलेला, बोलणारा, दुखावलेला आणि स्वतःच्या बोलण्यावर लुब्ध झालेला, या चौघांवरही रागावण्याचा एकच उपाय चालवतो. ज्वर, अपचन आणि मोडलेले हाड यांस एकच काढा देणाऱ्या वैद्यासारखी ही गोष्ट होय.

प्रथम लय घेऊ. रात्रीची वेळ असते, भोजन झालेले असते, वरून पंख्याचा वारा येत असतो, आणि खांबाचा आधार मिळालेला असतो. अशा वेळी पूर्वरंगातील जीवशिवाच्या ऐक्याचा विचार लांबला तर पुष्कळांची समाधी लागते! आपल्या कीर्तनपरंपरेने हे विघ्न पूर्वीच ओळखले आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगी सिद्धान्त आणि उत्तररंगी आख्यान अशी विभागणी असते, आणि दोहोंच्या मध्ये नामाचा गजर होऊन कीर्तनकारास बुक्का लावतात, हार घालतात. टाळ आणि मृदंग यांचा नाद उठतो, सर्वांचे हात टाळीसाठी वर येतात, आणि कोणाकडे बोट न दाखवता सर्व सभा जागी होते. झोपलेल्यास ‘अहो अमुकराव!’ म्हणून हाक मारून जो हशा पिकवतो, त्याने एकास जागे केले असेल. परंतु दहा जणांच्या मनात ‘उद्या आपली पाळी’ ही भीती घातली. शिवाय, एक मनुष्य झोपला तर तो थकलेला असेल. अर्धी सभा झोपली तर थकवणारा कोण याचा शोध वक्त्याने आसनावरच घ्यावा.

दुसरा विक्षेप. मूल रडते, मागल्या रांगेत लग्नाच्या बोलाचाली चालतात, उशिरा आलेले गृहस्थ ओळखीच्या प्रत्येकास नमस्कार करीत पुढे येतात, कोणाच्या खिशातला मोबाइल ऐन करुणरसात गाऊ लागतो. येथे उपाय शांतवनाचा आहे. अनुभव असा की, वक्त्याने आवाज चढवला की मागली रांगही आपला आवाज चढवते. वक्त्याने आवाज उतरवला, किंवा वाक्याच्या मध्येच क्षणभर थांबून हसतमुखाने पाहिले, म्हणजे बोलणाऱ्यांचे शब्द एकदम उघडे पडतात आणि ते आपण होऊन गप्प बसतात. मोबाइलविषयी आरंभीच एकदा सौम्य शब्दांत सांगावे. तरीही वाजला तर तो बंद होईपर्यंत थांबावे आणि जेथे सोडले तेथून पुढे चालावे. त्यावर व्याख्यान देऊ नये, कारण यंत्र अर्धे पळ वाजते आणि व्याख्यान पाव घटका चालते.

मुलांविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. मूल रडू लागले की सर्व सभा वळून त्या मातेकडे पाहते आणि वक्ता बोलण्याचे थांबतो. ती बिचारी संकोचाने उठून जाते, आणि पुढे दोन-तीन वर्षे, मूल मोठे होईपर्यंत, मंदिराच्या मंडपात पाऊल ठेवीत नाही. एका क्षणाच्या शांततेसाठी आम्ही एका कुटुंबाचे दोन-तीन वर्षांचे श्रवण गमावतो. यंदा उत्तरेकडील दाराजवळची जागा लेकुरवाळ्या भगिनींसाठी राखून ठेवली आहे. तेथून उठून बाहेर ओसरीवर जाता येते, शब्द ऐकू येत राहतात, आणि मूल निजले की परत येता येते.

तिसरे विघ्न रसास्वादाचे. काही सज्जन प्रश्न विचारण्यास उभे राहतात आणि स्वतःच्या काशीयात्रेचे वर्णन प्रयागापासून सुरू करतात. त्यांच्या ठायी द्वेष नसतो. आपल्या वाणीची गोडी त्यांस लागलेली असते. या रोगास हसण्यापूर्वी वक्त्याने स्मरावे की, हाच रोग त्याच्याही अंगी आहे, आणि त्यास तर त्यासाठी आसन, हार व नारळही मिळतो. येथे उपाय मर्यादेचा आहे, परंतु मर्यादा आणि मुस्कटदाबी यांत भेद आहे. तो भेद बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात उत्तम दिसतो. विदेहराज जनकाच्या यज्ञात याज्ञवल्क्यांस अनेक विद्वानांनी प्रश्न केले. त्यांत गार्गी वाचक्नवी उठली. हे सर्व कशात ओतप्रोत आहे, आणि तेही कशात, असे विचारीत ती लोकामागून लोक चढत ब्रह्मलोकापर्यंत पोचली. तेव्हा याज्ञवल्क्यांनी तिला बजावले की, आता प्रश्नाची सीमा ओलांडू नकोस. गार्गी गप्प बसली. येथेच गोष्ट संपती तर ती केवळ गप्प बसवण्याची गोष्ट झाली असती. परंतु पुढे त्याच सभेत गार्गी पुन्हा उभी राहते. जमलेल्या ब्राह्मणांस सांगून, आपण दोनच प्रश्न विचारू, अशी मर्यादा ती स्वतः घालून घेते. याज्ञवल्क्यही ‘तुझे मघाच झाले’ असे म्हणत नाहीत. ‘विचार, गार्गी’ असेच म्हणतात. आणि त्या दुसऱ्या वेळच्या प्रश्नांतूनच अक्षरब्रह्माचा तो गंभीर उपदेश प्रकट झाला. पहिल्या वेळी थांबवलेल्या व्यक्तीस दुसऱ्यांदा बोलू दिले नसते तर आपण केवढ्या ठेव्यास मुकलो असतो! म्हणून ज्यास थांबवावयाचे त्यास पुन्हा केव्हा बोलता येईल हेही त्याच वाक्यात सांगावे.

आता चौथे विघ्न कषाय. हे सर्वांत कठीण, म्हणून शेवटी घेतले. कषाय म्हणजे मुरलेला रंग. वस्त्र वरून धुतलेले दिसते, पण काढ्याचा डाग धाग्यात बसलेला असतो. सभेत अकस्मात उठून जो कठोर बोलतो, त्याचे बोलणे आजचे असते पण दुःख बहुधा जुने असते. आचार्य येथे ‘दडपावे’ असे म्हणत नाहीत, ‘शांत करावे’ असेही नव्हे, ‘ओळखावे’ म्हणतात.

श्रीएकनाथ महाराजांविषयी पैठणची एक कथा परंपरेने सांगितली जाते. नाथांस क्रोध आणून दाखवील त्यास दोनशे रुपये देऊ, अशी पैज काही कुटाळांनी मांडली. मुलाच्या मुंजीसाठी पैशाच्या विवंचनेत असलेला एक ब्राह्मण ते काम पत्करून नाथांच्या घरी गेला. नाथ देवपूजेस बसले होते. हा पाय न धुता सरळ आत घुसला आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथ म्हणाले, अशी ओढ घेऊन भेटावयास येणारा आजवर कोणी पाहिला नव्हता. पुढे भोजनाच्या वेळी गिरिजाबाई वाढण्यास वाकल्या तो हा त्यांच्या पाठीवर चढला. नाथांनी पत्नीस एवढेच सांगितले की, सांभाळा, पाहुणे पडतील. त्या माउलीने उत्तर दिले की, हरीस पाठीवर घेऊन काम करण्याची सवय आपणांस आहे. तेव्हा तो ब्राह्मण ओशाळला आणि त्याने सर्व हकीकत सांगितली. त्यावर नाथ काय म्हणाले? ‘आधी सांगितले असते तर रागावून दाखवले असते, आपले पैसे तरी बुडाले नसते!’ या कथेत नाथांची शांती सर्वांस दिसते. आम्हांस मात्र त्यांचे शेवटचे वाक्य अधिक मोलाचे वाटते. त्या व्रात्य वागण्यामागे मुलाच्या मुंजीची काळजी होती, हे कळताच नाथांचे लक्ष झाल्या अपमानाकडे गेले नाही. ते त्या बापाच्या अडचणीकडे गेले.

कषाय न ओळखल्यास काय होते याचे उदाहरण आपल्या आधुनिक इतिहासातच आहे, आणि गुजराथेत वसलेल्या आपल्या मराठी मंडळींस ते स्थळही परके नाही. इ. स. १९०७ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन सुरतेस भरले. ते मूळ नागपुरास व्हावयाचे होते. नेमस्त आणि जहाल यांची मने आधीच कलुषित होती. २६ डिसेंबर रोजी डॉ. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदाच्या सूचनेस अनुमोदन देण्यासाठी सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले; सुरेंद्रनाथांसारख्या वक्त्याचा आवाजही गोंधळात बुडाला आणि सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी, आपणांस बोलावयाचे आहे अशी चिठ्ठी लोकमान्य टिळकांनी स्वागताध्यक्षांकडे पाठवली होती. तिचे उत्तर आले नाही. तेव्हा टिळक व्यासपीठावर जाऊन उभे राहिले. अध्यक्षांनी त्यांस बोलू देण्याचे नाकारले. टिळक हाताची घडी घालून तेथेच उभे राहिले. इतक्यात श्रोत्यांतून एक दक्षिणी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ व फेरोजशहा मेहता यांस लागला. त्यानंतर खुर्च्या आणि काठ्या चालल्या, पोलिसांनी मंडप मोकळा केला, आणि अधिवेशन मोडले. दुभंगलेली राष्ट्रसभा पुन्हा एकत्र आली ती १९१६ साली लखनौस, म्हणजे नऊ वर्षांनी. चूक कोणाची, हा आज आमचा विषय नाही. इतिहासकारांनी त्यावर पुष्कळ लिहिले आहे. आम्ही फक्त त्या एका चिठ्ठीकडे बोट दाखवतो. चिठ्ठीस उत्तर मिळाले असते तर सर्व टळले असते असे कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही. तथापि, ज्यास शब्दाचे उत्तर मिळत नाही तो व्यासपीठापर्यंत चालत येतो, आणि त्याच्या मागून जोडाही येतो, एवढे त्यातून निश्चित शिकता येते.

आता आमचा स्वतःचा प्रसंग. गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत आम्ही आरंभी दानमाहात्म्यावर निरूपण करीत होतो. मध्येच एक वृद्ध सभासद उभे राहिले. ‘बुवा, दानाचे माहात्म्य मागून सांगा, आधी गेल्या सालची शिल्लक सांगा,’ असे ते म्हणाले. ते त्या दिवशी तिसऱ्यांदा उठले होते. हातात घडी घातलेला एक कागद होता. आम्ही हसून म्हणालो, ‘आपले चित्त शिलकेत आणि आमचे श्रीहरीत, तेव्हा आपला मेळ बसणे कठीण!’ सभा खदखदून हसली. आम्हांसही, खरे सांगावयाचे तर, ते वाक्य सुचल्याचा आनंद झाला. रसास्वाद म्हणतात तो हाच. ते गृहस्थ खाली बसले, कागद त्यांनी खिशात ठेवला, आणि प्रसाद न घेता ते निघून गेले. तेव्हापासून दक्षिणेकडील दुसऱ्या खांबाजवळची त्यांची जागा रिकामी राहिली. वर्षानुवर्षे काकडआरतीस येणारे ते दांपत्य येईनासे झाले.

चार महिन्यांनी हिशेबतपासनीसांस चूक सापडली. प्रसादाच्या भांड्यांसाठी आलेली एक देणगी दोन ठिकाणी जमा धरली गेली होती, आणि त्यामुळे शिल्लक फुगलेली दिसत होती. कोणी पैसा खाल्ला नव्हता. लिहिणाऱ्याच्या हातची ती चूक होती. त्या वृद्ध गृहस्थांनी जन्मभर जमाखर्चाचेच काम केलेले. त्यांच्या खिशातल्या कागदावर ती चूक पाच मिनिटांत दिसली असती. इतकेच नव्हे, सभेपूर्वी त्यांनी कार्यकारी मंडळास दोन पत्रेही लिहिली होती. ती आम्हांस दप्तरात मिळाली. दोहोंवर ‘पाहिले’ असा शेरा होता. उत्तर एकाचेही गेले नव्हते. सुरतेची चिठ्ठी आम्ही प्रवचनात अनेकदा सांगितली असेल. आपल्याच दप्तरात तशा दोन पडून आहेत हे आम्हांस ठाऊक नव्हते.

येथे कोणी शंका घेईल की, असे आहे तर सभेत वाटेल त्याने वाटेल ते बोलावे काय? तसे नव्हे. सहनशीलतेस सीमा आहे, आणि ती महाभारताच्या सभापर्वात सांगितली आहे. राजसूय यज्ञात भीष्मांच्या सल्ल्याने श्रीकृष्णास अग्रपूजेचा मान मिळाला, तेव्हा शिशुपाल उठला आणि भर सभेत दुरुत्तरे बोलू लागला. तो रागाने सभा सोडून निघाला असता स्वतः यजमान युधिष्ठिर त्याच्या मागे गेला आणि त्याने गोड शब्दांनी त्याची समजूत घालून पाहिली. सम्राट होऊ घातलेला पुरुष यज्ञातून उठून एका निंदकाच्या मागे जातो, हे चित्र फारसे कोणी रंगवीत नाही. भगवंतांनी तर शिशुपालाच्या मातेस, म्हणजे आपल्या आत्यास, त्याचे शंभर अपराध पोटात घालण्याचे वचन दिले होते आणि ते त्यांनी अक्षरशः पाळले. सुदर्शन निघाले ते त्यानंतर. आमच्याजवळ सुदर्शन नाही आणि असू नये. आमच्याजवळ ‘आपण आता बाहेर चलावे’ हे एक वाक्य आहे. स्त्रियांविषयी कोणी अपशब्द काढले, कोणावर हात उगारला, किंवा वारंवार समजावूनही सभा चालू दिली नाही, तर ते वाक्य उच्चारणे हे अध्यक्षाचे कर्तव्यच आहे. तेथे संकोच करणे म्हणजे शांतपणे बसलेल्या शंभरांवर अन्याय होय. परंतु ते वाक्य उच्चारण्यापूर्वी युधिष्ठिराची पावले आपण चाललो का, आणि आपली सीमा सभेच्या हितावर आखली आहे की आपल्या मानापमानावर, हे दोन प्रश्न मनाशी विचारावेत. श्रीगीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना भगवंतांनी शब्द सत्य असावा एवढ्यावर भागवले नाही. तो कोणास उद्वेग न देणारा, प्रिय आणि हितकारकही असावा अशी अट घातली. बाहेर जाण्यास सांगणारा शब्दही या तपातून सुटलेला नाही.

म्हणून या चातुर्मासात वक्त्यांनी आणि सभाचालकांनी पुढील व्रत घ्यावे असे ठरले आहे. सभेत कोणाच्या व्यंगावर, झोपेवर किंवा प्रश्नावर विनोद करून हशा मिळवावयाचा नाही. प्रत्येक प्रवचनानंतर पाव तास प्रश्नांसाठी राखावयाचा, आणि मध्येच उठणाऱ्यास त्या वेळेचे नम्रपणे स्मरण द्यावयाचे. ती वेळ आली की त्यास विसरावयाचे नाही. प्रथम त्यासच बोलवावयाचे. मंडळाकडे आलेल्या प्रत्येक पत्राचे उत्तर पंधरा दिवसांत द्यावयाचे, मग ते ‘चौकशी चालू आहे’ एवढेच का असेना. जो रागावून निघून जाईल, त्याच्या घरी आठ दिवसांच्या आत मंडळातील कोणीतरी जावयाचे. स्वयंसेवकांनी कोणाच्या दंडास हात लावावयाचा नाही. शेजारी जाऊन बसावयाचे आणि हळू आवाजात विचारावयाचे की, काय झाले?

ज्येष्ठ वद्य एकादशीस आम्ही त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांनी आसन दिले, वहिनींनी पाणी आणले. आम्ही क्षमा मागितली. ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बुवा, आकड्याचे मी त्याच दिवशी विसरलो असतो. लोकांचे हसू विसरलो नाही.’ आम्ही मान खाली घातली. ते पुढे म्हणाले, ‘आणि एक विचारतो. हसलात सभेत, आणि क्षमा घरात मागता?’

त्यांच्या या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून हा लेख लिहिला आहे. छापण्यापूर्वी तो त्यांस वाचून दाखवला आणि त्यांच्या संमतीनेच, त्यांचे नाव न घालता, येथे दिला आहे. आषाढी एकादशीच्या पहिल्या प्रवचनास आरंभ करण्यापूर्वी आम्ही हेच शब्द सभामंडपात उभे राहून बोलणार आहोत. ते येतील की नाही, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. दुसऱ्या खांबाजवळची जागा त्या दिवशी मोकळी ठेवावी, एवढी सर्व सभासदांस विनंती आहे.

श्रीहरि आमच्या वाणीस शुद्धी आणि आमच्या कानांस धीर देवो.

श्रीकृष्णार्पणमस्तु।